पंधरा डबे लावले म्हणून चर्चगेट जवळ येत नाही

सर्व्हरवरचा जॉब रेंगाळला की अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात कुणीतरी हमखास म्हणतं, "मेमरी बँडविड्थ कमी पडतेय." बहुतेक वेळा ती पडत नसते हो. नडते ती लेटन्सी.

बँडविड्थ सगळ्यांना कळते: सेकंदाला किती डेटा वाहतो. डीडीआर४-३२०० जातीच्या रॅमच्या एका चॅनलला (प्रोसेसर आणि रॅममधली एक वाट) २५.६ जीबी, सर्व्हरचे आठही चॅनल भरले तर २०४.८. आकडे कागदावरचे आहेत, पण इथे तेवढं पुरे.

लेटन्सी म्हणजे मागितल्यापासून हातात पडेपर्यंतचा वेळ. विरारची लोकल बाराची पंधरा डब्यांची केली तर माणसं जास्त मावतात, प्रवास तेवढाच राहतो. रॅमचंही तेच झालं. जुनी डीडीआर३-१६०० सीएल११ आणि डीडीआर४-३२०० सीएल२२ शेजारी ठेवा; सीएल म्हणजे मागणीनंतर डेटा यायला रॅमच्या घड्याळाचे किती ठोके लागतात तो आकडा. ठोके अकराचे बावीस झाले, एकेक ठोका निम्म्यावर आला. दोन्हीकडे उत्तर १३.७५ नॅनोसेकंदच. स्टिकरवरचा आकडा मात्र दुप्पट! कॅश (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी), मेमरी कंट्रोलर सगळं धरून सर्व्हरवर रॅमची एक फेरी साधारण १०० नॅनोसेकंदांची.

आता मेमरीभर विखुरलेली लिंक्ड लिस्ट घ्या. पुढच्या नोडचा, म्हणजे यादीतल्या नोंदीचा, पत्ता आधीच्या नोडमध्येच. सरकारी कचेरीत एका खिडकीवर पोहोचल्याशिवाय पुढची कुठली ते कळत नाही, तसं. आगाऊ काही मागवता येत नाही. फेरीमागे ६४ बाइटची एक कॅश लाइन (रॅममधून एकदम येणारा तुकडा), सेकंदाला एक कोटी फेऱ्या, म्हणजे ०.६४ जीबी. २०४.८पैकी! त्यातही तुम्हाला हवे असतात आठ बाइट. सलग ॲरे (मेमरीत ओळीने मांडलेला डेटा) असला तर प्रोसेसरमधला प्रीफेचर चाल ओळखतो आणि पुढच्या लाइनी आधीच मागवतो. आठही चॅनल गच्च भरायचे तर एकाच वेळी ३२० लाइनी वाटेत हव्यात. लिंक्ड लिस्ट चालणाऱ्या प्रोसेसरच्या कोअरची वाटेत असते एक.

एका जुन्या नोकरीत रात्रीचा हिशेबाचा जॉब असाच होता. जास्तीचे चॅनल भरून घेतले, बिल आलं, जॉब जिथल्या तिथे. टॉप या कमांडमध्ये सीपीयू १०० टक्के दिसतोय म्हणून मग कोअर वाढवायची चर्चा. याची मला खास चीड आहे: मेमरीपायी ताटकळणारा कोअरही टॉपला कामातच दिसतो. परफ स्टॅट हे मोजमापाचं साधन चालवलं तर सायकलमागे (एका ठोक्यामागे) इन्स्ट्रक्शन जेमतेम ०.२, म्हणजे कोअर बहुतेक वेळ नुसता वाट पाहत होता. शेवटी नोड ज्या क्रमाने वाचायचे त्याच क्रमाने ॲरेत सलग मांडले, पॉइंटर (पुढच्या नोडचे पत्ते) काढून टाकले. ज्या चॅनलवर पैसे घातले होते, ते तेव्हा कुठे कामाला लागले.