पुस्तके वाचकाच्या घरी

इ.स. ३०३च्या १९ मे रोजी उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता शहरात (आजचे अल्जीरियातले कॉन्स्टंटाइन) नगराधिकारी मुनातियुस फेलिक्स ख्रिस्ती लोक उपासनेला जमत त्या घरात झडतीला शिरला. ख्रिस्त्यांची शास्त्रे ताब्यात घेऊन जाळा, असा सम्राट डायोक्लेशनचा त्याच वर्षीचा हुकूम होता. पेले, दिवे, बायकांचे ८२ अंगरखे, जोडे, सगळ्याची यादी झाली. पुस्तकांच्या खोलीत मात्र कपाटे रिकामी निघाली. एका कनिष्ठ सेवकाने एकच भला मोठा ग्रंथ आणून दिला. एकच का, असे विचारल्यावर उत्तर आले की पुस्तके वाचकांकडे असतात. वाचकांची नावे सांगा म्हटल्यावर, आम्ही दगा देणारे नाही, हवे तर मारून टाका, असे सेवक म्हणाले. शेवटी माहीतगारांनी घरे दाखवलीच. फेलिक्स नावाच्या वाचकाकडून ५, व्याकरण शिकवणाऱ्या व्हिक्टरकडून २ पुस्तके आणि काही सुटे जुडगे निघाले. कोद्देओ घरी नव्हता, तेव्हा त्याच्या बायकोने ६ आणून ठेवली. हा सरकारी पंचनामा ३२० साली एका चौकशीत वाचून दाखवला गेला, म्हणून तो आज आपल्या हाती आहे.

पुस्तके वाचकाच्या घरी का, हे कळायला मागे जावे लागते.

‘वाचक’ हे तेव्हा मंडळीतले, म्हणजे गावच्या ख्रिस्ती समुदायातले, पद होते. रोमचा बिशप कॉर्नेलियुस याने २५१च्या सुमारास आपल्या सेवकांची गणती दिली आहे, तीत वाचक आहेत. त्या काळच्या भूमध्य जगात वाचता येणारे फार तर शंभरात दहा-पंधरा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यातही अक्षरे सलग लिहिलेली, शब्दांमध्ये जागा नाही. जुने मोडी कागद चाळलेल्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. असा मजकूर भर सभेत न अडखळता म्हणायचा, तर तो आधी घरी बसून घोटावा लागे. पुस्तके घरी नेण्यामागे ही सोय असावी, असे मला वाटते.

मंडळीतले बाकीचे ऐकत. ही रीत यहुद्यांच्या सभास्थानातून आलेली. पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक पौल याने ठिकठिकाणच्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रेही ऐकवण्यासाठीच होती. रोमकरांस पाठवलेले पत्र सांगितले पौलाने, लिहून काढले तर्तियुसाने. थेस्सलनीकाकरांना तो बजावतो की हे पत्र सर्व बांधवांना वाचून दाखवा. कलस्सैकरांना सांगतो की तुमचे वाचून झाले की लावदिकीयाच्या मंडळीत वाचायला द्या आणि त्यांच्याकडचे तुम्ही वाचा. या देवघेवीतच नकला वाढत गेल्या. १५०नंतर रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन सांगतो की रविवारी प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख ‘वेळ असेल तितके’ वाचतात, मग पुढारी उपदेश करतो. वेळ असेल तितके! आपल्याकडच्या पोथीवाचनातही घड्याळ आणि अध्याय यांची अशीच ओढाताण असते.

नक्कल स्वस्त नव्हती. डायोक्लेशनच्याच ३०१च्या दरपत्रकात उत्तम अक्षरातल्या १०० ओळींना २५ दिनार मजुरी ठरली होती. शेतमजुराचा जेवणासह दिवसाचा रोज तेवढाच. पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासूनचा कागद, वेगळा. त्यामुळे एका घरात सगळे बायबल असणे दुर्मीळ. कुणाकडे एक शुभवर्तमान (येशूचे चरित्र), कुणाकडे स्तोत्रे, कुणाकडे पौलाची काही पत्रे. ख्रिस्त्यांनी गुंडाळीऐवजी पाने शिवलेली वही पसंत केली. ती प्रवासात सोयीची, दोन्ही बाजूंनी लिहिता येणारी. मँचेस्टरच्या ग्रंथालयातला योहानाच्या शुभवर्तमानाचा हाताच्या पंजात मावेल एवढा तुकडा अशाच वहीचा आहे.

उसनवारी तर सर्रास चाले. इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकस या प्राचीन शहराच्या उकिरड्यात चौथ्या शतकातली एक चिठ्ठी मिळाली, जुन्या अर्जाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली. तिचा आशय इतकाच : प्रिय ताई, मी तुला छोटे उत्पत्तीचे पुस्तक दिले होते, तर एज्राचे पुस्तक मला उसने दे. नाव ना पाठवणाऱ्याचे, ना ताईचे.

ज्यांच्या हाती पुस्तक नव्हते त्यांच्याकडे पाठांतर होते. इजिप्तमधल्या पाखोमियुसच्या मठात येणाऱ्याला आधी २० स्तोत्रे किंवा दोन पत्रे पाठ करावी लागत, अक्षरओळख नसेल तर तीही शिकावी लागे. मात्र सर्वात विलक्षण गोष्ट ख्रिस्ती इतिहासकार युसेबियुसने लिहून ठेवली आहे. पॅलेस्टाइनमध्ये योहान नावाच्या इजिप्शियनाला तो सभेत शास्त्र म्हणताना ऐकत होता. आवाजावरून वाटले, नेहमीप्रमाणे वाचन चालले आहे. जवळ जाऊन पाहतो तर डोळस मंडळी भोवती उभी आणि योहान आंधळा! नियमशास्त्र, संदेष्टे, शुभवर्तमाने, प्रेषितांची पत्रे, ज्या भागाची गरज पडेल तो भाग तो मुखोद्गत म्हणत होता. ३१०च्या सुमारास छळात त्याचा शिरच्छेद झाला. सिर्ताच्या अधिकाऱ्याला त्याच्या घरी काय सापडले असते?

कानांनी शिकलेले शास्त्र मात्र सहजी बदलू देत नाही. ४०३ साली उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याला कळवले की ओइया (आजचे त्रिपोली) येथे बिशपने योनाचे पुस्तक जेरोमच्या नव्या भाषांतरातून वाचायला लावले. योना या संदेष्ट्यावर सावली धरणाऱ्या वेलाचे नाव त्यात निराळे होते, भोपळ्याऐवजी आयव्ही. पिढ्यान्‌पिढ्या कानांवर आणि जिभेवर बसलेला शब्द बदललेला पाहून लोकांनी, विशेषतः ग्रीक बोलणाऱ्यांनी, गलका केला. बिशपने गावातल्या यहुद्यांना विचारले. त्यांनी जुन्या शब्दाच्या बाजूने कौल दिला. मंडळी सोडून जाईल या भीतीने बिशपला जेरोमची ओळ दुरुस्त करावी लागली.