शिक्षणाचे समाजशास्त्र

शाळा, परीक्षा आणि पदव्या यांचा समाजरचनेशी असलेला संबंध अभ्यासणारी समाजशास्त्राची शाखा. मूल कसे शिकते, हा प्रामुख्याने मानसशास्त्राचा प्रश्न. कोणाचे मूल किती शिकते, त्याला काय शिकवायचे हे कोण ठरवतो आणि शिकून त्याच्या पदरात काय पडते, हे प्रश्न या शाखेचे.

पाया घातला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम (१८५८–१९१७) यांनी. प्रौढ पिढीने नव्या पिढीला समाजात राहण्याजोगे घडवणे म्हणजे शिक्षण, असे ते मानत. अमेरिकेत टॅल्कट पार्सन्स यांनी १९५९ मध्ये हाच धागा वर्गापर्यंत नेला. घरी मूल आपले म्हणून लाडके असते; वर्गात सगळ्यांना एकच माप लागते आणि त्या मोजणीतून कोण पुढे कोणत्या वाटेला जाणार, हे ठरू लागते. ते माप निःपक्षपाती आहे, हे या कार्यवादी (समाजाचा प्रत्येक भाग एकूण समाज टिकवण्याचे काम करतो, असे मानणाऱ्या) मांडणीने फार सहज धरून चालले. पुढची भांडणे बहुतेक याच मुद्द्यावरची आहेत.

जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अमेरिकी अहवालात सुमारे ४ हजार शाळांची पाहणी होती. शाळेच्या साधनसामग्रीतल्या फरकापेक्षा घरची पार्श्वभूमी गुणांवर जास्त परिणाम करते, असे त्यातून दिसले.

घरातून मूल नेमके काय घेऊन येते, याचे उत्तर प्येर बूर्द्यू यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ या संकल्पनेतून दिले: बोलण्याची ढब, पुस्तकांची सवय, चारचौघांत वावरण्याची सहजता. शाळा हे कधी पद्धतशीर शिकवत नाही, पण अपेक्षा मात्र धरते. आणि ज्याच्यापाशी ते आहे त्याला हुशार म्हणते. ब्रिटनमध्ये बेसिल बर्नस्टाइन यांनी भाषेकडे बोट दाखवले. त्यांनी वापरलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. चित्रमालिकेत मुले चेंडू खेळताहेत, खिडकीची काच फुटते. एक मूल सांगते, ‘तीन मुलं खेळतायत, एकानं चेंडू मारला, तो खिडकीतून आत गेला.’ दुसरे सांगते, ‘ते खेळतायत, त्यानं मारला, तो तिथून आत गेला.’ चित्र समोर असेल तर दुसऱ्या वाक्यात काहीच उणे नाही. नसेल तर ‘तो’ कोण आणि ‘तिथून’ म्हणजे कुठून, हे कळत नाही. शाळेला पहिली, म्हणजे ‘विस्तृत’ भाषा लागते; कामगारवर्गीय मुलांत जास्त आढळणाऱ्या दुसरीला ते ‘मर्यादित’ म्हणत. यावरून गरिबांची भाषाच तोकडी, असा अर्थ काढला गेला. बर्नस्टाइन यांना तो मान्य नव्हता. मात्र ‘मर्यादित’ हा शब्द त्यांनीच निवडला होता.

‘छुपा अभ्यासक्रम’ हा शब्दप्रयोग फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये केला. रांगेत थांबणे, हात वर करून आपली पाळी येण्याची वाट पाहणे, सतत कोणीतरी आपल्याला जोखत आहे हे अंगवळणी पाडून घेणे, हे धडे कोणत्याच पाठ्यपुस्तकात नसतात. बोल्स आणि गिंटिस या मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञांना यात कारखान्याची शिस्त दिसली (१९७६).

पण मुले हे सारे मुकाट गिळत नाहीत. पॉल विलिस यांनी इंग्लंडमधल्या एका औद्योगिक गावातल्या कामगारवर्गीय मुलांच्या टोळक्यासोबत वावरून १९७७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ती मुले शिक्षकांची टर उडवत, आज्ञाधारक मुलांना हिणवत. पदवीने आपल्यासारख्या सगळ्यांचेच नशीब उघडणार नाही, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. शाळा सुटल्यावर ती कारखान्यातल्या अंगमेहनतीच्या कामाला गेली, आणि तेही आपखुशीने.