रुकी ऑफेन्सिव्ह लाइनमन : पहिल्या हंगामाचे मूल्यमापन

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) आक्रमक बाजूच्या लाइनवर पहिलाच हंगाम खेळणाऱ्या खेळाडूची (रुकीची) कामगिरी जोखण्याची रीत. लाइनवर पाच जण असतात : मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड आणि टोकांना टॅकल. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला सवड मिळवून देणे (पास ब्लॉकिंग) आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट मोकळी करून देणे (रन ब्लॉकिंग) ही त्यांची दोन कामे. प्रत्येक चालीच्या आरंभी सेंटर चेंडू मागे देतो. एरवी या पाचांचा चेंडूशी संबंध येत नाही. त्यामुळे गुण, यार्ड, झेल अशा ज्या आकड्यांवर इतर नवोदितांची चर्चा होते, ते आकडे लाइनमनच्या नावावर लागत नाहीत. मूल्यमापनाचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

नोंदींची स्थिती : क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला पाडणे म्हणजे सॅक. बचावपटूच्या नावावर सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून होऊ लागली. तो सॅक कोणत्या लाइनमनच्या हातून सुटला, याची अधिकृत नोंद मात्र लीग आजही ठेवत नाही. क्रिकेटच्या धावफलकावर सुटलेला झेल दिसत नाही, तसेच हे. लाइनमनच्या नावापुढे अधिकृतपणे राहतात ते खेळलेले सामने, सुरुवातीपासून खेळलेले सामने, मैदानावर घालवलेल्या चालींची संख्या आणि दंड. दंडांपैकी प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याबद्दलचा होल्डिंग (१० यार्ड) आणि चेंडू सुटण्याआधी हलल्याबद्दलचा फॉल्स स्टार्ट (५ यार्ड) हे दोन नवोदिताच्या बाबतीत बारकाईने पाहिले जातात. परक्या मैदानावरच्या गोंगाटात होणारे फॉल्स स्टार्ट सरावाने कमी होतात. होल्डिंग ही बहुधा पाय जागेवर उशिरा पोचल्याची खूण असते, म्हणून ते अधिक गंभीर मानावे.

जुन्या काळातील माहिती प्रशिक्षकांच्या गुणपत्रकांत आणि मोजक्या पत्रकारांच्या टिपणांत विखुरलेली आहे. ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’चे पॉल झिमरमन सामने पुन्हापुन्हा पाहून लाइनमनच्या कामाच्या नोंदी हाताने ठेवत. मैदानावरचे सर्व २२ खेळाडू एकाच चौकटीत दाखवणारे चित्रण २०१२ पर्यंत संघांपुरते मर्यादित होते. त्या वर्षी ते वर्गणीदार प्रेक्षकांना खुले झाले आणि बाहेरच्या अभ्यासकांचे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले.

डाव्या टॅकलचे माहात्म्य : नवोदित टॅकलची चर्चा ‘तो डावीकडे टिकेल का’ याच प्रश्नाभोवती फिरते. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डाव्या बाजूला असते, हे त्यामागचे कारण. हे माहात्म्य नेमके केव्हा आले, याविषयी मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात त्याचे श्रेय न्यूयॉर्क जायंट्सचा बचावपटू लॉरेन्स टेलर याला दिले जाते. टेलर १९८१ मध्ये लीगमध्ये आला आणि १८ नोव्हेंबर १९८५ च्या सामन्यात त्याने वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइजमन याला पाडले, तेव्हा थाइजमनचा पाय मोडून त्याची कारकीर्द संपली. दुसऱ्या मतानुसार मूळ कारण नियमांत आहे. बचावपटूने लाइनमनच्या डोक्यावर चापट मारून त्याला बाजूला सारण्यावर १९७७ मध्ये बंदी आली आणि १९७८ पासून पास ब्लॉकिंगमध्ये हात लांब करण्यास व पंजे उघडे ठेवण्यास परवानगी मिळाली. त्याआधी हात छातीशी दुमडून खांद्याने अडवावे लागे. तिसरे मत आर्थिक आहे : १९९३ च्या सुमारास करारमुक्त खेळाडूंची बाजारपेठ खुली झाली आणि डाव्या टॅकलचे मोल पगारात दिसू लागले.

उपलब्ध पुरावा पाहता टेलरला श्रेय देणारे मत जसेच्या तसे स्वीकारणे अवघड वाटते. टॅकल अँथनी मुन्योझ याला सिनसिनाटी बेंगल्सने १९८० च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत) तिसऱ्या क्रमांकावर घेतले, म्हणजे टेलरच्या आगमनाआधी. त्याहून मागे जायचे तर रॉन यारी १९६८ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, आणि मिनेसोटा व्हायकिंग्सकडून तो खेळला उजवीकडे. ओकलंड रेडर्सचा आर्ट शेल डावीकडे खेळत असे. पण त्याचा क्वार्टरबॅक केन स्टेबलर डावखुरा होता, तेव्हा शेल त्याच्या पाठीचे रक्षण करत होता असे म्हणता येत नाही. टॅकलला मान पूर्वीपासून होता, १९७८ च्या नियमांनी फेकीचा खेळ वाढला तसे त्याचे काम बदलले आणि टेलरने त्या बदलाला चेहरा दिला, असा क्रम अधिक संभवनीय दिसतो. आता संघ आपले तेज बचावपटू दोन्ही टोकांना उभे करतात. तरीही उजवीकडे खेळणाऱ्या नवोदिताला थोडे कमी लेखण्याची सवय टिकून आहे, आणि तिला आजच्या खेळात आधार उरलेला नाही.

चूक कोणाची : समजा बचावाच्या दोघांनी एकमेकांच्या वाटा ओलांडून हल्ला केला (याला स्टंट म्हणतात). टॅकलने आपला माणूस गार्डच्या हवाली करायचा आणि गार्डकडून येणारा उचलायचा. गार्ड क्षणभर थांबला, मधून बचावपटू आत शिरला आणि सॅक झाला. चित्रणात टॅकल रिकाम्या जागेत उभा दिसतो. त्या चालीत त्याला काय सांगितले होते, हे फक्त संघाला ठाऊक असते. मूल्यमापनाच्या तिन्ही प्रमुख पद्धती या अडचणीला आपापल्या परीने सामोऱ्या जातात.

ब्रिटनमध्ये नील हॉर्न्सबी यांनी सुरू केलेली ‘प्रो फुटबॉल फोकस’ ही संस्था प्रत्येक चालीत प्रत्येक खेळाडूला उणे २ ते अधिक २ या पट्टीवर अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने गुण देते. अपेक्षेइतके काम झाले तर शून्य. या गुणांचे पुढे ० ते १०० अशा श्रेणीत रूपांतर होते. सॅकखेरीज क्वार्टरबॅकला घाईला लावणे आणि फेकल्यावर धडक बसणे हेही ‘प्रेशर’ म्हणून मोजले जाते. सॅक थोडे आणि प्रेशर पुष्कळ असल्याने एका हंगामाच्या निष्कर्षाला प्रेशरचा आकडा अधिक भरवशाचा ठरतो. चालीतली नेमकी जबाबदारी बाहेरून ओळखता येत नाही, हा प्रशिक्षकांचा आक्षेप मात्र कायम आहे.

ईएसपीएन वाहिनीची पद्धत खेळाडूंच्या खांद्यांवरील पॅडमध्ये बसवलेल्या चिपच्या माहितीवर चालते. लाइनमनने ब्लॉक २.५ सेकंद टिकवला तर तो जिंकला, असा तिचा निकष. क्वार्टरबॅक चेंडू फार वेळ धरून ठेवतो, त्याचा ठपका यात लाइनमनवर येत नाही. हा तिचा मोठा गुण. पण शेजारच्या गार्डची किंवा टाइट एंडची (लाइनच्या टोकाशी उभा राहून अडवणारा आणि झेलही घेणारा खेळाडू) मदत वरचेवर मिळणाऱ्या नवोदिताचे प्रमाण फुगते. नवोदिताला अशी मदत देणे ही तर सर्रास रीत आहे.

रन ब्लॉकिंगसाठी ‘फुटबॉल आउटसायडर्स’ने ‘अ‍ॅडजस्टेड लाइन यार्ड्‌स’ हे माप रूढ केले. धावणारा मागे पडला तर तो तोटा १२० टक्के धरायचा, ० ते ४ यार्ड पूर्ण, ५ ते १० यार्ड निम्मे आणि त्यापुढचे यार्ड शून्य. सुरुवातीची वाट लाइन काढते, लांबची धाव धावणाऱ्याची, हे त्यामागचे तत्त्व. हे माप संपूर्ण लाइनचे आहे. त्यातून एकट्या रुकीचा वाटा काढण्याचे प्रयत्न होतात, पण ते मानू नयेत.

दोन टोकांची उदाहरणे : इंडियानापोलिस कोल्ट्सने २०१७ मध्ये ५६ सॅक दिले, लीगमध्ये सर्वाधिक, २०१८ मध्ये १८, लीगमध्ये सर्वांत कमी. त्या वर्षी गार्ड क्वेंटन नेल्सन सहाव्या क्रमांकावर आला आणि पहिल्याच हंगामात ऑल-प्रोच्या (हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या निवडीच्या) पहिल्या संघात पोचला. या घसरणीचे श्रेय सरळ नेल्सनला देण्याची प्रथा पडली आहे. परंतु २०१७ चा संपूर्ण हंगाम दुखापतीमुळे हुकलेला क्वार्टरबॅक अँड्रयू लक २०१८ मध्ये परतला होता, मुख्य प्रशिक्षक नवा होता आणि उजव्या टॅकलच्या जागी ब्रेडन स्मिथ हा दुसरा रुकी उभा होता. सॅक कितपत लाइनचे आणि कितपत क्वार्टरबॅकचे, या वादात अलीकडचे विश्लेषक क्वार्टरबॅककडे झुकतात : संघ बदलला तरी क्वार्टरबॅकचे सॅकचे प्रमाण बरेचसे त्याच्याबरोबर जाते. नेल्सन थोर गार्ड आहे. ते दाखवायला ५६ आणि १८ हे आकडे लागत नाहीत, त्याचे चित्रण पुरेसे आहे.

उलट बाजूचे उदाहरण ह्यूस्टन टेक्सन्सचे. २००२ हा त्या संघाचा पहिला हंगाम. रुकी क्वार्टरबॅक डेव्हिड कार ७६ वेळा सॅक झाला. हा लीगचा विक्रम आहे. त्याच लाइनवर चेस्टर पिट्स हा दुसऱ्या फेरीतला रुकी सर्व १६ सामने सुरुवातीपासून खेळला. सॅकच्या आकड्यावर विसंबले असते, तर पुढे कित्येक हंगाम एकही सामना न चुकवता खेळलेला हा लाइनमन त्याच वर्षी बाद ठरला असता.

२०२० चा वर्ग : पहिल्या हंगामाचा निकाल किती कच्चा असतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२० च्या चार टॅकल्सचे आहे. महासाथीमुळे त्या वर्षी सरावसामने झालेच नाहीत. चौघेही थेट खऱ्या सामन्यात उतरले. अँड्रयू टॉमस (जायंट्स, चौथा क्रमांक), जेड्रिक विल्स (क्लीव्हलँड ब्राउन्स, दहावा), मेकाय बेक्टन (न्यूयॉर्क जेट्स, अकरावा) आणि ट्रिस्टन वर्फ्स (टँपा बे बकनीअर्स, तेरावा). हंगामाअखेर टॉमसची निवड चुकली असे सर्रास बोलले गेले. त्याच्या घोट्याला दुखापत होती आणि लाइनचा प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावर बदलला गेला होता, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. सुमारे १६५ किलो वजनाच्या बेक्टनच्या ताकदीचे कौतुक झाले. विल्स अलाबामा विद्यापीठात उजवीकडे खेळलेला; त्याला डावीकडे उभे केले गेले. वर्फ्सने प्रो फुटबॉल फोकसच्या मोजणीनुसार एकच सॅक दिला आणि सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. चेंडू झटपट सोडणारा टॉम ब्रेडी त्याच्या मागे होता, हेही खरे.

दोन वर्षांत चित्र पालटले. टॉमस २०२२ मध्ये ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात आला. बेक्टनचा गुडघा २०२१ च्या पहिल्या सामन्यात दुखावला आणि २०२२ चा अख्खा हंगाम बुडाला. चौघांपैकी वर्फ्सचा निकाल तेवढा कायम राहिला. पुढे डावीकडे जाऊनही तो ऑल-प्रो ठरला.

जागाबदल : महाविद्यालयातली जागा व्यावसायिक संघात मिळेलच असे नाही. जोनाथन ऑग्डेन १९९६ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सकडून पहिल्या हंगामात डावा गार्ड म्हणून खेळला आणि नंतर टॅकल म्हणून हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात) गेला. डेट्रॉइट लायन्सचा पेनी सूएल २०२१ मध्ये उजवीकडची तयारी करून आला होता. टेलर डेकर जायबंदी झाल्याने त्याला ऐनवेळी डावीकडे उभे राहावे लागले आणि डेकर परतल्यावर पुन्हा उजवीकडे. बाजू बदलली की पुढचा पाय, मागचा पाय, आधी पोचणारा हात असे सगळे उलटे होते. अशा रुकीची इतरांशी सरसकट तुलना करणे अन्यायाचे आहे. लॉस एंजेलिस चार्जर्सच्या राशॉन स्लेटरविषयी मात्र शंका शरीराची होती. टॅकलला ३४ इंच लांबीचे हात हवेत, असा संकेत आहे. त्याचे हात ३३ इंच. त्याला गार्ड करावे असे अनेकांचे मत होते. २०२१ च्या पहिल्याच हंगामात तो डावा टॅकल म्हणून ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात आला.

प्रशिक्षकांची दृष्टी : लाइनचे प्रशिक्षक एकूण बेरजेपेक्षा चुकांचा प्रकार आणि त्यांचा क्रम पाहतात. हात उशिरा लागणे, कमरेतून वाकणे, स्टंट न ओळखणे या शिकण्याच्या चुका. ताकदवान बचावपटूने सरळ मागे ढकलत नेणे ही पायांच्या बळाची उणीव, जी एका उन्हाळ्याच्या व्यायामात बरीच भरून निघते. पायांची मंद गती सहसा सुधारत नाही. सप्टेंबरात ज्या डावपेचाने फसवले, त्यानेच डिसेंबरात फसवले का, हा प्रश्न कोणत्याही श्रेणीपेक्षा अधिक सांगून जातो.

महाविद्यालयांतील झटपट फेकीच्या खेळामुळे आणि लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या २०११ च्या कामगार करारात पॅड घालून करायच्या सरावांवर आलेल्या मर्यादेमुळे (हंगामात १४) नवोदित कच्चे येतात, असे अनेक प्रशिक्षक म्हणतात. दोहोंपैकी पहिले कारण अधिक वजनदार वाटते.

पुरस्कार : असोसिएटेड प्रेसचा आक्रमक बाजूच्या सर्वोत्तम रुकीचा पुरस्कार १९६७ पासून दिला जातो. त्याच्या पहिल्या अर्धशतकात एकाही लाइनमनला तो मिळाला नाही. क्लीव्हलँडचा टॅकल जो टॉमस २००७ च्या मतदानात एड्रियन पीटरसनच्या खालोखाल राहिला. पुढे सलग १०,३६३ चाली खेळलेल्या या खेळाडूचा पहिला हंगाम रुकी लाइनमनसाठी आजही मापदंड मानावा असा आहे.

करार : २०११ पासून ड्राफ्टमधील रुकीचा करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतील खेळाडूसाठी पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे असतो आणि तो तिसऱ्या हंगामानंतर ठरवावा लागतो. जेट्सने २०२३ मध्ये बेक्टनचा पर्याय नाकारला. त्याच उन्हाळ्यात जायंट्सने अँड्रयू टॉमसला पाच वर्षांचा वाढीव करार दिला.

पहिला हंगाम न खेळलेले : सिडनीत रग्बी लीग खेळलेल्या जॉर्डन मैलाटा याला फिलाडेल्फिया ईगल्सने २०१८ मध्ये सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर घेतले. तोवर तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. पहिले दोन हंगाम तो मैदानाबाहेर होता. पहिला सामना २०२० मध्ये खेळला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने सुपर बोल जिंकला, तेव्हा मैलाटा डावा टॅकल होता आणि उजवा गार्ड होता मेकाय बेक्टन.