रुपयाच्या पाठीवरचं भूत

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजीच्या डब्यात एक चांदीचा रुपया आहे. एका बाजूला पगडीतले सयाजीराव महाराज. दुसरीकडे पानांच्या वेढ्यात ‘एक रुपया’, संवत १९४९ आणि तलवार. टॉर्च आडवा धरला की महाराजांचा गाल छान उठून दिसतो. उलटवलं तर मधली अक्षरं कडेच्या पानांपेक्षा जराशी बसकी. आजी म्हणायची, वापरून झिजलंय. असेलही. पण टांकसाळीतला माणूस आधी विचारेल, या अक्षरांच्या बरोबर पाठीमागे काय आहे?

बडोद्याच्या जुन्या नाण्यांवर हातोड्याने ठसा पडे. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे निम्मी अक्षरं बाहेरच राहत. यंत्र आलं आणि कोरी चकती दोन पोलादी ठशांत, भोवती कडं घालून, दाबली जाऊ लागली. दाब एवढा की थंड धातूही मोदकाच्या साच्यातल्या उकडीसारखा सरकतो आणि खळग्यांत शिरतो. मात्र उकड कमी पडली तर चिमूटभर वाढवता येते. चकतीत धातू मोजकाच. एका बाजूला मोठं, उठावदार डोकं हवं असेल, तर त्याच्या पाठीमागची नक्षी उपाशी राहते.

पंचम जॉर्जच्या ब्रिटिश पेनीचं हेच झालं. ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, बाजूला राजाच्या डोक्याची पुसट सावली उमटायची. नाणकशास्त्रात तिला चक्क भूत म्हणतात. शेवटी १९२८ मध्ये राजाचं डोकंच लहान केलं!

अशी फजिती आधीच कळावी म्हणून नमुना नाणी पाडतात. परीक्षा फक्त ठशाची नसते, धातूचीही असते. तांबं महागलं तेव्हा अमेरिकेने १९७४ साल कोरलेले ॲल्युमिनियमचे पंधरा लाखांहून जास्त सेंट पाडले. वस्तू विकणाऱ्या यंत्रांचे मालक कुरकुरले. पण मला पटते ती बालरोगतज्ज्ञांची हरकत. मुलाने नाणं गिळलं तर ॲल्युमिनियम एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही. बेत बारगळला, ढीग वितळवला. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सदस्यांना बघायला दिलेली काही नाणी मात्र परत आलीच नाहीत.

दुर्मिळता येते ती अशी. म्हणून कोणी वाकडा ठसा पडलेलं नाणं ‘नमुना’ म्हणून पुढे केलं, तर हात आखडता घ्या. ते टांकसाळीतून निसटलेलं चुकार नाणं. नमुना मुद्दाम, निगुतीने पाडलेला असतो.