फोटोत न मावणारं झाड

जगातलं सर्वांत उंच ज्ञात झाड अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या रेडवुड नॅशनल पार्कात आहे. त्याचं नाव हायपेरियन, जात रेडवुड, उंची सुमारे ११६ मीटर. मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटरचा, म्हणजे त्याच्यावर आणखी दहा मजले चढवावे लागतील. गंमत अशी की जंगलात उभं राहून ही उंची जाणवतच नाही. बुंध्यापाशी गेलं की शेंडा दिसत नाही आणि मागे सरकावं तर दुसरी झाडं आड येतात.

म्हणूनच हायपेरियन सापडलं ते थेट २००६ साली. क्रिस ॲटकिन्स आणि मायकल टेलर हे दोघे हौशी शोधक लेझर अंतरमापक घेऊन दऱ्याखोऱ्या पालथ्या घालत होते. पानांच्या फटीतून शेंडा दिसला की त्यावर लेझर रोखायचा. अंतर आणि कोन कळला की शेंडा डोळ्यांच्या पातळीपासून किती वर आहे ते निघतं. तसंच बुंध्याचं खालचं टोक मोजून दोन्हींची बेरीज करायची. शाळेत कंटाळवाणी वाटणारी त्रिकोणमिती इथे अशी कामी येते! नंतर वनस्पतिशास्त्रज्ञ स्टीव्ह सिलेट यांनी झाडावर चढून शेंड्यावरून टेप खाली सोडला आणि उंचीवर शिक्कामोर्तब केलं.

एवढ्या उंचीवर मुळांतलं पाणी पोहोचवणं सोपं नाही. जितकं वर जावं तितका खोडातल्या पाण्याच्या सलग धारेवर ताण वाढतो, म्हणून शेंड्याकडची पानं बारीक, खवल्यांसारखी होत जातात. सिलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मांडलेल्या हिशोबानुसार उंचीची मर्यादा १२२ ते १३० मीटरच्या आसपास येते. उन्हाळ्यात इथे पाऊस जवळजवळ नसतो, पण पॅसिफिकवरून धुकं येतं. ते फांद्यांवर साचून जमिनीवर ठिबकतं, शिवाय पानंही थोडं पाणी थेट शोषतात.

हेच धुकं फोटोग्राफरच्याही मदतीला येतं. लख्ख उन्हात या जंगलात कॅमेऱ्याची फजिती होते: उन्हाचे कवडसे पांढरेफटक येतात आणि बुंधे काळेठिक्कर. धुक्यात किंवा ढगाळ हवेत उजेड सारखा पसरतो, सालीचा तांबूस रंग खुलतो. कॅमेरा वरच्या दिशेने तिरपा धरला की बुंधे एकमेकांकडे कललेले दिसतात. त्यापेक्षा कॅमेरा सरळ धरून झाडाचा फक्त खालचा भाग घ्यावा आणि मापासाठी शेजारी एक माणूस उभा करावा. सगळं झाड टिपायचा हट्ट असेल, तर मायकल निकोल्स यांची खटपट आठवावी. नॅशनल जिऑग्राफिकसाठी त्यांनी दोरांवरून कॅमेरे खाली सोडत एकाच रेडवुडचे तुकड्यातुकड्यांनी फोटो घेतले. २००९ साली छापलेलं ते चित्र ८४ फोटो जोडून तयार झालं होतं.

हायपेरियनचा फोटो मात्र विसरा. त्याचा ठावठिकाणा इंटरनेटवर पसरला आणि आडवाटेने येणाऱ्या पावलांनी खालची माती दडपून गेली. रेडवुडची मुळं उथळ असतात, त्यामुळे २०२२ पासून तो भाग बंद आहे. घुसल्यास ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तसंही खालून पाहिलं तर हायपेरियनचा बुंधा इथल्या इतर जुन्या झाडांपुढे किरकोळच. खरे अजस्र बुंधे पाहायचे तर जवळच्या जेडेडाया स्मिथ पार्कात ग्रोव्ह ऑफ टायटन्सला जावं. तिथे मुळांना धक्का लागू नये म्हणून जमिनीपासून उचललेली पायवाट बांधली आहे आणि तिच्यावरूनच सगळे बुंधे नीट दिसतात.