कोलॅप्सिबल लेन्स : डिजिटल रेंजफाइंडरवरील वापर

काम नसताना जिची नळी कॅमेऱ्याच्या पोटात सारून ठेवता येते, अशी लेन्स. ३५ मिमी फिल्मवर चालणारा लायका कॅमेरा १९२५ मध्ये विक्रीला आला, तो खिशात मावावा हा त्यामागचा मोठा हेतू होता. माक्स बेरेक यांनी रचलेली ५० मिमी एफ/३.५ एल्मार (‘एफ’पुढचा आकडा जितका लहान, तितका आत येणारा उजेड जास्त) त्यामुळेच आत सरकणारी झाली. पुढे लायकाच्याच सुमार (१९३३), सुमितार (१९३९) आणि सुमिक्रॉन (१९५३) याच घडणीत निघाल्या. सोव्हिएत फेड आणि इंडस्टार-२२ या एल्मारच्याच वळणाच्या. त्या स्वस्तात मिळत असल्याने हौशी माणसाची सुरुवात बहुधा त्यांच्यापासून होते.

यांतल्या बहुतेक लेन्स ३९ मिमी आट्यांच्या आहेत. १९५४ मध्ये एम-३ या कॅमेऱ्याबरोबर लायकाने लेन्स बसवण्यासाठी आट्यांऐवजी एम-माउंट ही नवी जोडणी आणली, पण तिचे फिल्मपासूनचे अंतर मुद्दाम एक मिलिमीटरने कमी ठेवले. मधे तेवढ्या जाडीची कडी बसवली की जुनी लेन्स अनंतापर्यंत अचूक फोकस होते. एप्सन आर-डी१ (२००४), लायका एम८ (२००६) आणि पूर्ण आकाराच्या सेन्सरचा एम९ (२००९) या डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्यांवरही (यांत व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस साधतात) ती याच कडीने चढते. आर-डी१ आणि एम८ चे सेन्सर लहान. एम८ वर ५० मिमीची लेन्स सुमारे ६७ मिमीसारखी वागते, म्हणजे दृश्याचा लहान भाग टिपते.

खरी मेख पुढे आहे. ज्या सोयीसाठी ही लेन्स जन्मली, तीच सोय डिजिटल कॅमेऱ्यावर सोडून द्यावी लागते. नळी बाहेर ओढूनच लेन्स वापरावी, ती कॅमेऱ्यात कधीही ढकलू नये, असे लायकाची माहितीपुस्तिका बजावते. सध्याच्या ९० मिमी मॅक्रो-एल्मारला तेवढी सूट आहे, कारण तिची नळी मिटल्यावरही आत डोकावत नाही. ही भानगड डिजिटलपासूनची नाही. लायकाच्या फिल्मवरच्या एम५ (१९७१) मध्ये प्रकाशमापकाचा दांडा लेन्सच्या मागेच येऊन उभा राहत असे, तेव्हापासून नळीभोवती चिकटपट्टीचे वेढे देऊन तिला अर्ध्यावर अडवण्याची युक्ती चालत आली आहे. काही जण डिजिटलवरही बिनदिक्कत नळी आत सारतात आणि काही बिघडत नाही. पण सत्तर-ऐंशी वर्षांच्या ढिल्या नळीवर एवढा महाग कॅमेरा पणाला लावण्यात शहाणपण नाही.

नळी बाहेर ओढल्यावर उजवीकडे फिरवून ती खाचेत अडकवावी लागते. हे राहून गेले, तर व्ह्यूफाइंडर काहीच सांगत नाही. रेंजफाइंडरचा रोलर लेन्सच्या मागच्या कडेवर टेकलेला असतो, नळी कुठे आहे हे त्याला कळत नाही. दोन्ही प्रतिमा नीट जुळलेल्या दिसतात आणि फोटो मात्र पुसट येतो. फिल्मच्या काळात हे रोल धुतल्यावर उमगायचे, आता मागच्या पडद्यावर लगेच दिसते.

सोलापुरात पूर्वभागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये जुनी लेन्स आणि डिजिटल कॅमेरा या जोडीची चांगलीच परीक्षा होते. ताण्याचे (उभे) शेकडो धागे एकासारखे एक, त्यामुळे फोकसच्या चौकटीत एका धाग्याची प्रतिमा शेजारच्या धाग्यावर बसते आणि जुळल्याचा भास होतो. म्हणून फोकस मागाच्या चौकटीच्या कडेवर किंवा विणकराच्या बाहीवर घ्यावा. उजेडही बेताचाच. एफ/३.५ ला तिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाला दाद देण्याची क्षमता) चढवावा लागतो, आणि एम९ चा आयएसओ २५०० वर थांबतो. हवेतले सुताचे तंतू वंगण लागलेल्या नळीवर चिकटतात. नळी आतबाहेर करताना ती भात्यासारखी हवा खेचते, आणि धूळ सेन्सरवर जाते. एफ/२ ला ती दिसत नाही, एफ/११ ला आभाळात ठिपके उमटतात. नळी मिटू नये याला सोलापुरात हे आणखी एक कारण.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंदीवर दुपारचे ऊन पडते, तेव्हा काचेवर परावर्तन रोखणारा लेप नसलेली सुमार आपला स्वभाव दाखवते. पांढरे कपडे कडेला पाझरतात, सावल्या करड्या होतात, सूर्य समोर असला तर सगळ्या चित्रावर दुधी पडदा चढतो. कुणाला हाच गोडवा वाटतो. खरे तर त्यातला बराचसा भाग सुमारच्या मऊ पुढच्या काचेवर पुसून पुसून पडलेल्या चऱ्यांचा असतो. युद्धानंतरच्या लेप दिलेल्या लेन्स असा पडदा कमी धरतात. छायेत किंवा सकाळच्या उजेडात भुईकोटाच्या दगडी तटावर जुनी एल्मार एफ/८ ला आजही चोख काम देते.

सोलापूरच्या कोरड्या हवेत बुरशीचा त्रास कोकणाच्या मानाने कमी. पावसाळ्यात लेन्स चामडी पेटीत कोंडून ठेवली, तर मात्र इथेही बुरशी धरते. उन्हाळ्याचा जाच वेगळा. पारा चाळिशीच्या वर गेला की जुने वंगण पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर उतरते आणि काचेवर धूसर थर धरते. विकत घेताना लेन्स टॉर्चच्या उजेडात तिरकी धरून हा थर आणि चरे पाहावेत, नळी खाचेत अडकवून हलवून बघावी, आणि फोकसची कडी अनंतापासून एक मीटरपर्यंत सारख्या जडपणाने फिरते का, ते तपासावे.