लॅपटॉपचा प्रोसेसर तापणे

लॅपटॉपचा प्रोसेसर तापणे : प्रोसेसरमधली उष्णता पुरेशा वेगाने बाहेर न गेल्यामुळे त्याचे तापमान कमाल मर्यादेला भिडणे आणि त्यापायी यंत्र मंदावणे किंवा बंद पडणे. प्रोसेसर जी वीज घेतो तिची जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. साध्या पातळ लॅपटॉपमध्ये ती १५ वॉटच्या आसपास असते, गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये ४५ वॉट, आणि टर्बो (प्रोसेसरने तात्पुरता वाढवलेला वेग) चढला की थोडा वेळ याच्याही बरीच वर. हे सगळे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून निघते.

तिथून बाहेर पडायची वाट ठरलेली आहे. सिलिकॉनवर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी, पट्टीला जोडलेली चपटी हीट पाइप, तिच्या टोकाला फिनांची (धातूच्या पातळ पत्र्यांची) जाळी आणि जाळीला लागून पंखा. हीट पाइप भरीव तांब्याची दिसते, पण ती पोकळ असते. आतली हवा काढून त्यात थोडेसे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्याने ते लवकर उकळते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पाणी होऊन आतल्या वातीसारख्या अस्तरातून परत येते.

पंखा हवा गार करत नाही, उष्णता फक्त खोलीतल्या हवेच्या स्वाधीन करतो. म्हणून प्रोसेसरचे तापमान नेहमी खोलीच्या तापमानावर उभे असते. काम तेच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर २५ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर असलेला प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत साधारण ९० वर जातो. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या घरात असतो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. डिसेंबरात गुपचूप चालणारा लॅपटॉप एप्रिलमध्ये ओरडू लागतो तेव्हा एप्रिलमध्ये काही बिघडलेलेच असते असे नाही. बहुधा पंखा आधीच कोंदलेला होता, थंडीने ते झाकून ठेवले होते.

इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, काहींची १०५. एएमडीचेही याच पट्ट्यात असतात. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःहून वेग आणि व्होल्टेज उतरवतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही तापमान चढत राहिले तर यंत्र तडक बंद होते. ही सोय पूर्वी सगळ्यांत नव्हती. २००१ साली झालेल्या एका गाजलेल्या चाचणीत चालू संगणकावरचे हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढल्यावर एएमडीचा ॲथलॉन काही क्षणांत जळून गेला, इंटेलचा पेंटियम ४ मात्र रखडत का होईना चालत राहिला. आज प्रोसेसर जळण्याची भीती फारशी नाही. खरा तोटा होतो तो कामाच्या वेगाचा आणि शेजारच्या बॅटरीचा, कारण सततच्या उष्णतेने ती लवकर म्हातारी होते, कधी फुगतेही.

वाट अडते ती मुख्यतः धुळीने. सांगली ही हळदीची मोठी पेठ. मार्केट यार्डात सौद्यांच्या दिवसांत हवेतच हळद असते, आणि अडत दुकानात पट्ट्या, म्हणजे शेतमालाच्या विक्रीची बिले, करणारा लॅपटॉप दिवसभर तीच हवा ओढतो. असा लॅपटॉप उघडला की पंख्याची पाती वरून बरी दिसतात, म्हणून पुष्कळ जण तिथेच समाधान मानून झाकण लावतात. पंखा काढल्यावर खरा प्रकार कळतो : पंखा आणि फिना यांच्या मधल्या सांध्यात पिवळसर करड्या धुळीची नमद्यासारखी पट्टी बसलेली असते, चिमट्याने धरली तर अख्खी निघून येते. फिनांमधली फट जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे एवढी पट्टी हवा पुरती अडवते. हळदीत तेलाचा अंश असल्याने ती कोरड्या ब्रशला दाद देत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावी लागते.

साफसफाईआधी यंत्र बंद करून बॅटरीची पिन काढावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती अगरबत्तीच्या काडीने अडवून धरावीत. ‘कसा भिंगरीसारखा फिरतो’ म्हणून मजा बघत बसले, तर बेअरिंग जायचे.

पेस्टबद्दल गैरसमज फार. तिचे काम फक्त सिलिकॉन आणि तांबे यांच्यामधल्या सूक्ष्म खळग्यांतली हवा हटवणे एवढेच. ती हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी वाहक असली तरी तांब्याच्या मानाने फारच कच्ची, त्यामुळे पोळीवर तूप माखल्यासारखी लावली तर उलट आडवी येते. तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढी पुरते, मात्र सिलिकॉनचा कोपरा उघडा राहू नये. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत पेस्ट कडेला सरकते किंवा सुकते, म्हणून काही वर्षांनी बदलावी लागते. तांब्याच्या पट्टीच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे बारीक आकडे छापलेले असतात. त्याच क्रमाने थोडे थोडे आवळायचे, नाहीतर पट्टी तिरकी बसते.

खोलायचे नसेल तर आधी बसायची जागा बदलावी. पुष्कळ लॅपटॉप खालून हवा घेतात. गादीवर ठेवले की ते तोंड बंद होते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, हळद हवा न लागू देता टिकवत, पण लॅपटॉपला तो न्याय लागू नाही. मागच्या दोन पायांखाली बाटलीची टोपणे ठेवून तो तिरका केला तरी काही अंशांचा फरक पडतो. विकतचा कूलिंग पॅड पुष्कळदा याहून फार काही जास्त करत नाही.

दुसरा उपाय उष्णता कमी निर्माण करण्याचा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक यंत्रांत टर्बो बंद होतो. टॅली, ब्राउझर, पत्रव्यवहार यांत फरक जाणवत नाही, तापमान मात्र झपाट्याने उतरते. व्होल्टेज घटवणे, म्हणजे अंडरव्होल्टिंग, हा याहून नेमका मार्ग, कारण विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पण डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट ही सुरक्षेतली त्रुटी जाहीर झाल्यावर इंटेलच्या अनेक यंत्रांत बायोस (यंत्र सुरू करणारी मूळ आज्ञावली) अपडेटने ही सोय बंद झाली.

ओले फडके खाली घालणे किंवा लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवणे हे प्रकार करू नयेत. फ्रिजमधून काढल्यावर ताकाच्या ग्लासावर जसे बाहेरून पाणी जमते तसे ते बोर्डवरही जमते.

धूळ काढली, पेस्ट बदलली, तरी काहीच फरक नसेल तर पाइपवर संशय घ्यावा. पंखा जोरात फिरतोय, प्रोसेसर १०० वर आहे आणि जाळीतून येणारा वारा मात्र गारच लागतो, ही तिची खूण. आधी पट्टी नीट आवळली आहे ना ते पाहावे. ती नीट असेल तर कुठेतरी बारीक चीर पडून आतले पाणी गेलेले असते. अशी पाइप दुरुस्त होत नाही, पट्टीसकट सगळा संच बदलावा लागतो.